सहा रिंगिटची उधारी

आजोबा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले तेव्हा मी वाडग्याचा फोटो काढत होते. चौथा. पहिल्यात माझ्याच हाताची सावली पडली होती, दुसऱ्यात वाफेने लेन्स धूसर झाली, तिसऱ्यात मागचं लाल प्लास्टिकचं स्टूल येत होतं. आजोबांच्या एका हातात ओली छत्री होती, दुसऱ्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. ते काही बोलले नाहीत. आपल्या दारात अनोळखी चपला दिसल्या की आपण जसे क्षणभर थबकतो, तसे नुसते थबकले.

गाडीमागून लक्सावाल्या बाईने काहीतरी ओरडून सांगितलं, हसली, आणि एक स्टूल आणून माझ्यासमोर ठेवलं. आजोबा बसले. त्यांनी काही मागवलं नाही, कोणी काही विचारलं नाही, तरी दोन मिनिटांत त्यांच्यासमोर वाडगा आला, कॉफीही आली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे टेबल त्यांचं होतं. कागदोपत्री नव्हे, पण होतं.

ही गोष्ट मलेशियातल्या पेनांग बेटावरची, नोव्हेंबर २०२४ मधली. गावाचं नाव बालिक पुलाव. पुलाव म्हणजे आपला भात नव्हे. मलय भाषेत पुलाव म्हणजे बेट, आणि बालिक पुलाव म्हणजे बेटाची मागली बाजू. पुढली बाजू म्हणजे जॉर्जटाऊन. २००८ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून तिथल्या गल्ल्यांमध्ये भिंतींवरच्या चित्रांपुढे रांगा लागतात. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांसाठी व्हिसा लागेनासा झाला, तशी आपल्याकडचीही गर्दी वाढली. मीही त्यातलीच. जॉर्जटाऊनमध्ये दोन दिवस काढल्यावर मला वाटलं, इथे सगळे माझ्यासारखेच आहेत. जिथे तिथलेच लोक जेवतात अशा ठिकाणी जायला हवं. म्हणून बस पकडली, डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरले, आणि नेमकी तिथल्याच एका माणसाच्या जागेवर जाऊन बसले.

तिथल्या या जागांना कोपीतियाम म्हणतात. कोपी म्हणजे कॉफी, तियाम म्हणजे हॉक्किएन चिनी बोलीत दुकान. मालक टेबलं मांडतो आणि फक्त कॉफी-सरबतं विकतो. खाण्याच्या गाड्या वेगवेगळ्या लोकांच्या. ते मालकाला भाडं देतात. एकाकडे लक्सा, दुसऱ्याकडे तळलेले नूडल्स, तिसऱ्याकडे आणखी काही. तुम्ही कुठेही बसा, कोणाकडूनही मागवा, पण कॉफीवाल्याकडून काहीतरी प्यायला घ्यायचं हा शिष्टाचार. मी जायफळाच्या फळाचं सरबत घेतलं. त्या भागात जायफळाच्या बागा आहेत. कोकणात आम्ही जायफळाच्या सालीचं लोणचं घालतो, ते तिथे सरबत पितात.

आणि लक्सा. तिथे मिळतो तो असम लक्सा. असमचा आसामशी संबंध नाही, मलयमध्ये असम म्हणजे आंबट. २०११ साली सीएनएनने जगातल्या पन्नास चविष्ट पदार्थांची यादी केली, त्यात पेनांगचा असम लक्सा सातवा होता. एवढं वाचून गेले होते. पण पहिला चमचा तोंडात गेला आणि यादी विसरले, कारण तो बांगडा होता. आपला बांगडा. उकडून, काटे काढून, रश्श्यात कुस्करलेला. आंबटपणाला चिंच असते आणि असम गेलुगोर नावाच्या झाडाच्या वाळवलेल्या फळाच्या चकत्या असतात. ते झाड आपल्या कोकमाचं भावंड, दोन्ही गार्सिनिया कुळातली. खाली तांदळाच्या जाड शेवया, वर काकडी, अननस, लाल कांदा, पुदिना, आल्याच्या जातीतल्या एका फुलाच्या गुलाबी पाकळ्यांचे बारीक तुकडे. बाजूला चमचाभर काळी, मधासारखी दाट कोळंबीची पेस्ट. तिचा वास म्हणजे सुक्या जवळ्याच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येतो, तो. मी ती पेस्ट चटणीसारखी बोटाने चाखायला गेले तर आजोबांनी मान हलवली. हवेत चमचा फिरवून दाखवला: आधी ढवळ. मी ढवळलं.

माझ्या काकीने हा रस्सा चाखला असता तर म्हणाली असती, "पाणी जास्त झाला. आणि तिरफळा खंय?" पण दुसऱ्यांदा वाढून घेतला असता.

या काकीमुळेच मला त्या आजोबांच्या समोर नीट जेवता येईना.

काकीची सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात खाणावळ आहे. काका गेल्यावर तिने घराच्या पडवीत सुरू केलेली. सहा टेबलं. जेवायला कोर्टातले कारकून, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बँकेत बदलून आलेली एकटी माणसं. महिन्याचे पैसे भरणारे ते 'मेंबर'. त्यात एक मास्तर होते, निवृत्त, बायको वारलेली, मुलगा पुण्यात. अकरा वर्षं दोन्ही वेळ तिथे जेवले. खिडकीजवळचं टेबल. त्यांना काटे काढून खाण्याचा कंटाळा, म्हणून काकी त्यांच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मेनूच नव्हता, तर लिहिणार कुठे?

तीन वर्षांपूर्वी मी सुट्टीत गेले होते. काकी चुलीवर तिखलं करत होती, दुपारचं ऊन धुरात तिरपं पडलेलं. मी एक मिनिटाचं रील काढलं. आवाज काकीचाच, ती तिरफळ कधी टाकायचं ते सांगतेय. शेवटी लोकेशन. रात्री झोपले, सकाळी उठले तर काही हजार लोकांनी पाहिलेलं. आठवड्यात आकडा कुठच्या कुठे गेला. एक-दोन मोठ्या चॅनेलवाल्यांनी तेच येऊन पुन्हा शूट केलं.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल, अशा गोष्टी आपण खूप वाचतो. शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या गल्लीच्या तोंडापर्यंत. एकशेवीसचं ताट दोनशेऐंशी झालं. काकी काही लोभी बाई नाही, पण सुरमई-पापलेट मागणारं गिऱ्हाईक आलं की बाजारातला खर्चही तसाच वाढतो. पडवी पुरेना म्हणून मांडव घातला. कारकुनांची मधली सुट्टी अर्ध्या तासाची, त्यांना तासभर रांगेत उभं राहणं शक्य नव्हतं. एकेक करून मेंबर सुटले. मास्तरांसाठी काकीने खिडकीजवळच्या टेबलावर ताट उपडं घालून ठेवायला सुरुवात केली, जागा धरल्याची खूण म्हणून. लोक ते ताट सुलटं करून बसायचे. एकदा मास्तर आले, तर त्यांच्या जागेवर बसलेल्या मुलीने त्यांना खूप अदबीने विचारलं, "काका, आमचा एक ग्रुप फोटो काढता?" मास्तरांनी काढला. त्यानंतर ते आले नाहीत. काकीने डबा पाठवला. डबा धुऊन, आत पैसे ठेवून परत आला. चार दिवसांनी निरोप आला की आता नको.

हे रील मी टाकलं होतं. अजूनही माझ्या प्रोफाइलवर सगळ्यात जास्त पाहिलेलं तेच आहे.

इथे थांबले तर मी पर्यटकांना शिव्या घालून मोकळी होईन. तशा लेखांना लाइकही चांगले मिळतात. पण त्याच पैशांतून काकीच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली. चुलतभावाने रिक्षासाठी काढलेलं कर्ज फिटलं. अकरा वर्षं ती मास्तरांना मधला तुकडा वाढत होती तेव्हा ती भिंतीला धरून उभी राहायची. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि आम्ही म्हणायचो, काकीच्या हाताला काय चव आहे.

म्हणून मला 'आता ते ठिकाण बिघडलं' असं म्हणणाऱ्यांचा राग येतो. बिघडलं, पण कोणासाठी? जी व्यक्ती हे वाक्य उच्चारते, तीही बहुतेक वेळा तिथे कधीतरी पाहुणी म्हणूनच गेलेली असते. दादरला लोकलमध्ये एकदाचं आत शिरलं की आपणही मागच्यांना 'जागा नाही, जागा नाही' ओरडायला लागतो, त्यातलाच हा प्रकार. खाणावळ स्वस्त राहावी, साधी राहावी, शांत राहावी, ही इच्छा दिसायला हळवी आहे. तिचा खर्च मात्र बाईच्या गुडघ्यांवर पडतो.

आणि तरी मास्तरांचं ते उपडं ताट काही डोळ्यांसमोरून जात नाही. मास्तरांचा त्या टेबलावर हक्क होता का? काकी पैसे घेत होती, मास्तर देत होते. शनिवारी आलेली मुलगीही पैसे देत होती, दुपटीहून जास्त. पैशांच्या हिशेबात तिचाच हक्क मोठा. मग मास्तरांचं काय गेलं, ज्याला आपण 'त्यांचं' म्हणू शकतो?

'जिथे लोकल लोक जेवतात तिथे जेवा' हा सल्ला प्रत्येक ट्रॅव्हल रीलमध्ये असतो. मी त्यावर बसमध्ये बराच विचार केला. आपल्याला अशी जागा हवी असते जिथे आपल्यासारखं कोणी नसेल. म्हणजे आपण आत पाऊल टाकताच ती जागा थोडी कमी तशी होते. दहा जण पुरतात. पण 'लोकल' म्हणजे कोण, हेही इतकं सरळ नाही, आणि पेनांगमध्ये तर मुळीच नाही. तिथला प्रसिद्ध नासी कंदार घ्या. भात आणि त्यावर तीन-चार रश्श्यांचं मिश्रण. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला कालवण घेऊन फिरायचे. कंदार म्हणजे ती कावडच. तळलेले नूडल्स दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांचे. कोणीतरी बोटीतून उतरलं, भूक लागली, हाताशी होतं त्यात शिजवलं, आणि आज तो बेटाचा वारसा आहे.

तर २०१४ मध्ये पेनांगच्या राज्य सरकारने ठरवलं की रस्त्यावरच्या गाड्यांवर ठरावीक स्थानिक पदार्थ परदेशी कामगारांनी शिजवायचे नाहीत. २०१६ पासून ते लागू झालं. कारण दिलं चवीचं: मूळ चव जपली पाहिजे. गाडी चालवणारे म्हातारे होत चाललेत, मुलं दुसऱ्या नोकऱ्यांत गेलीत, मदतीला बाहेरचे लोक ठेवले जातात, आणि चव जाईल अशी भीती. भीती मला कळते. पण बंदी मुख्य स्वयंपाक्यापुरती होती. परदेशी माणसाने भांडी घासली, कांदा चिरला, ताट उचललं तर चवीला धक्का लागत नव्हता. मी बसले होते तिथेही एक तरुण मुलगा मागे वाडगे विसळत होता. बांगलादेशचा, असं त्याने मला हिंदीत सांगितलं. मी त्याच्याशी बोलले ते दोनच मिनिटं. त्याला लक्सा करता येतो का, हे विचारायचं राहिलं. रोज तोच रस्सा नाकाशी असल्यावर न येऊन सांगतो कोणाला?

काकीच्या स्वयंपाकघरात आता झारखंडची दोन मुलं आहेत. एकाच्या हातचं तिखलं काकीच्या हातच्यासारखंच होतं. हे काकीनेच सांगितलं, आणि लोकांना सांगू नको असंही सांगितलं.

हे सगळं डोक्यात चालू असताना वाडगा संपला आणि पैसे द्यायची वेळ आली. सहा रिंगिट, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. गाडीवर क्यूआर कोड चिकटवलेला होता, पण माझ्या फोनवरचं यूपीआय त्यावर चालेना. पाकिटात एटीएममधून आलेली शंभरची एकच नोट. बाईने नोट बघितली, गल्ल्यात बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं आणि हात झटकला. "टुमॉरो ला, टुमॉरो."

मी म्हटलं, मी इथली नाही. ते तर दिसतच होतं. आजोबा खिशात हात घालू लागले, मी त्यांना थांबवलं. बाई तोवर पुढच्या वाडग्यात शेवया घालत होती.

म्हणजे परदेशात मला उधारी मिळाली होती.

बसमध्ये बसल्यावर मला काकीची वही आठवली. खाणावळीत 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती आणि पाटीच्या खालीच खिळ्याला उधारीची वही टांगलेली. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात नावं पूर्ण नसायची: 'वाकडा कंडक्टर', 'कोर्ट उंच', 'मास्तर'. मास्तरांच्या पानावर बहुधा काहीच नसायचं, ते एक तारखेला पैसे देत, पण पान होतं. रीलनंतर क्यूआर कोड आला आणि वही माळ्यावर गेली. पर्यटकाला उधारी देता येत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे, त्याचा 'उद्या' तिथे नसतो म्हणून. मास्तरांचा होता. पावसाळ्यात, जून-जुलैत, होड्या बंद असतात, ताटात सुका बांगडा नाहीतर नुसती आमटी असते, रस्त्यावर काळं कुत्रं नसतं, तेव्हाही मास्तर छत्री झटकत यायचे. त्यांनी त्या टेबलासाठी जे मोजलं होतं ते असं, वर्षानुवर्षं, दर कमी-जास्त न करता. त्यांचं जे गेलं ते ते पान असावं. आणि झारखंडच्या मुलांचं, त्या बांगलादेशी मुलाचं पान कोणी उघडलेलं नसतं, तरी उद्या सकाळी सहाला ती तिथे असणार हे सगळ्यांना माहीत असतं. पासपोर्ट बघणाऱ्या नियमात ते कुठे मावणार?

इतकं सगळं मी सहा रिंगिटच्या आधारावर रचलं. बाईने माझ्यावर विश्वास टाकला, मला तिथलं एक पान मिळालं, असं मला खरोखरच वाटत होतं. रात्री हॉटेलवर सुट्टे करून ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझं विमान होतं. सकाळी पुन्हा बस पकडली, सहा रिंगिटसाठी जाऊन-येऊन अर्धा दिवस घालवून.

तिने मला ओळखलं नाही.

मी पैसे पुढे केले तेव्हा तिने सवयीने विचारलं, किती वाडगे. मी म्हटलं, कालचे. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पैसे घेतले, गल्ल्यात टाकले, मान डोलावली. गर्दीच्या वेळी सुट्ट्यांची कटकट नको, म्हणून हात झटकला होता एवढंच. पेनांगला आलेल्या किती जणांना ती 'टुमॉरो' म्हणाली असेल, आणि किती जण आले नसतील, तिने कधी मोजलं नसणार.

आजोबा त्यांच्या टेबलावर होते. समोरचं स्टूल रिकामं होतं. मी दुसरीकडे बसले आणि वाडगा मागवला. फोटो काढला नाही. याचं मला फार कौतुक वाटत होतं, म्हणून इथे सांगतेय.

विमानतळावरून काकीला फोन केला. तिच्याकडे दुपारचे अडीच वाजले होते, पहिली पंगत उठलेली. मी तिला बांगड्याचं सांगितलं, कोकमाच्या भावंडाचं सांगितलं. अननस घालतात म्हटल्यावर ती पलीकडून "शी गो" म्हणाली. मग मी सांगितलं की मी त्या गाडीचं नाव कुठे टाकणार नाहीये, लोकेशनही नाही. मुद्दाम.

"कित्याक?"

मी म्हटलं, तुझ्याकडे झालं तसं तिथे व्हायला नको.

काकी जरा वेळ गप्प होती. मागे कोणीतरी टोप घासत होतं. "माझ्याकडे काय झाला? माझे पाय बरे झाले. त्या बाईचेय गुडघे आसतलेच मां."

मी मास्तरांचं नाव काढलं. त्यावर ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, परवा मास्तर बाजारात दिसले, वाळलेत. म्हणाली, बुधवारी गर्दी नसते, बुधवारी या म्हणून सांगितलं, बघू येतात का. मग परत माझ्याकडे वळली.

"तू तिका इचारलंस काय, नाव टाकू काय नको ता?"

नाही म्हटलं.

"माकाय खंय इचारलंलंस," काकी म्हणाली आणि हसली. रागाने नाही. तिला पुढच्या पंगतीची घाई होती, तिने फोन ठेवला.

मी दोनदा त्या गाडीसमोर उभी राहिले होते, दुसऱ्यांदा तर हातात पैसे घेऊन. विचारता आलं असतं. मागे रांग होती.